ब्राउजरमधले देवनागरी अनुक्रमांक: संस्थेच्या नोटिशीला कितपत पुरतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्था, पतसंस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. नोटीस आता वेबसाइटवरही चढवली जाते आणि विषयांचे आकडे बहुतेक ठिकाणी हातानेच टाइप केलेले असतात. ते थांबवा. ऐनवेळी विषय ४ गाळला की खालचे सगळे आकडे बदलत बसावं लागतं. ब्राउजर ते काम आपोआप करतो.

सोय झकास आहे. ‘ओएल’ म्हणजे क्रमवार यादीच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ला ‘देवनागरी’ दिलं की १. २. ३. हजर. हेच एचटीएमएलच्या (पानाचा मजकूर मांडणाऱ्या भाषेच्या) ‘टाइप’ गुणधर्मातून मागू नका: तिथे साधे आकडे, लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि लहान-मोठे रोमन एवढेच पाच प्रकार चालतात. दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलंत, तर सीएसएसचं खरं.

यादी सहापासून सुरू करायची असेल तर एचटीएमएलच्याच ‘स्टार्ट’ गुणधर्मातला आकडा मात्र इंग्रजीच हवा. देवनागरी ६ लिहिलात तर ब्राउजरला तो आकडा वाटतच नाही, यादी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यातून वेबसाइटच्या रेडीमेड थीमने (तयार साच्याने) स्वतःच्या नावाचा काउंटर, म्हणजे आकडे मोजणारा, लावला असेल, तर ‘स्टार्ट’ बरोबर लिहूनही उपयोग शून्य. कारण ‘स्टार्ट’ फक्त ‘लिस्ट-आयटम’ या अंगभूत काउंटरला हलवतो. थीममध्ये तेच नाव घाला, काम होतं.

आपल्या सवयीचे अ, ब, क, ड तयार मिळत नाहीत. ते सीएसएसच्या ‘काउंटर-स्टाइल’ नियमाने स्वतः बनवावे लागतात. फायरफॉक्समध्ये हा नियम २०१४ पासून आहे, क्रोममध्ये २०२१ला आला, आयफोनच्या सफारी ब्राउजरमध्ये थेट २०२३ला. त्यामुळे जुन्या आयफोनवर अक्षरांऐवजी इंग्रजी आकडे दिसतात आणि मजकुरातलं ‘मुद्दा क पाहा’ लटकतं.

पोटनियमांना मात्र ही सोय लावू नका. नोंदणीकृत पोटनियम ३१ रद्द झाला म्हणून ३२ चा ३१ होऊन कसं चालेल? शिवाय ब्राउजरने घातलेला आकडा मजकुराचा भाग नसतो. पानावर ‘३२’ शोधलं तर सापडत नाही. इथे आकडा मजकुरातच लिहा, यादीचे आपोआप येणारे आकडे ‘लिस्ट-स्टाइल-टाइप’ला ‘नन’ देऊन बंद करा आणि यादीच्या ‘रोल’ गुणधर्माला ‘लिस्ट’ द्या, नाहीतर सफारीत व्हॉइसओव्हरवर (ॲपलच्या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) ऐकणाऱ्या सभासदाला ही यादी आहे हेच कळत नाही.