जुन्या सागवानी फर्निचरला घरी पॉलिश: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बहुतेकांना निष्कर्ष हवा असतो म्हणून तो आधीच सांगते. कपाट, शेल्फ, लिहायचं टेबल यांना लाखेचं पॉलिश करा. जेवणाच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं टणक पॉलिश. आरामखुर्चीला तेल लावायचं असेल तर घरात ऊन आणि वारा भरपूर हवा. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि एका पाडलेल्या वाड्याच्या सामानातून घेतलेल्या सागवानावर मी हे तिन्ही प्रकार केले. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू या वस्तू रोजच्या वापरात आहेत.

जुनं फर्निचर घरी आलं की लगेच घासायला घेऊ नका. आधी त्यावर काय लावलेलं आहे ते बघा. मागच्या बाजूला कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरा. पॉलिश चिकट होऊन कापसाला तांबूस रंग आला, तर ती लाख. मग अख्खं घासून काढायची गरज बहुधा पडत नाही, साफ करून वरून नवे हात देता येतात. स्पिरिटने काहीच झालं नाही आणि थिनरने मऊ पडलं, तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. वाड्यातल्या दारं-कपाटांवर जाड ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासा आणि मुलांना लांब ठेवा. आणि खरेदी करतानाच फळीच्या कडेचं फिकट, पांढरट लाकूड नीट तपासा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा शिवत नाही, पण या बाहेरच्या भागाला लागतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ती वस्तू तिथेच सोडलेली बरी.

लिहायच्या टेबलावर एक काळं वर्तुळ होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं लोखंडी भांडं ओलं ठेवलं असावं. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) एकत्र आलं की असा डाग खोल जातो आणि काचपेपरने निघत नाही. ऑक्झॅलिक ॲसिडची पूड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावली, तर काळं हळूहळू करडं झालं, मग लाकडात मिसळून गेलं. हातमोजे घालाच, हे विषारी असतं. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्या, मगच पुढे घासा. घासताना काचपेपर १२०, १८०, मग २२० नंबरचा, आणि नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा मारलेला एक ओरखडासुद्धा पॉलिशखाली ठळक उठून दिसतो.

आता लाखेबद्दल, कारण माझा खरा जीव तिच्यावरच आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून ती मिळते आणि आपल्याकडे मुख्यतः झारखंड, छत्तीसगडहून येते. लिटरभर स्पिरिटला साधारण २०० ते २५० ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) टाकून रात्रभर ठेवायचा, अधूनमधून हलवायचं, मग कापडातून गाळायचं. मलमलच्या फडक्यात कापसाचा बोळा बांधून पातळ हात द्यायचे. नवा हात जुन्या हाताला किंचित विरघळवतो आणि त्यात एकजीव होतो. तिची खरी किंमत मला पावसाळ्यात कळली. जुलैमध्ये टेबलावर गरम चहाचा कप राहिला आणि पांढरं कडं उमटलं. तो फक्त पॉलिशमध्ये शिरलेला ओलावा होता. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा वरून झरझर फिरवला आणि कडं गेलं. दुसऱ्या कुठल्याही पॉलिशची दुरुस्ती इतकी सोपी नाही.

मात्र भर पावसात लाख मारायला घेऊ नका. ज्या मिस्त्रींकडे मी शिकले, ते म्हणाले होते, "ताई, हवा ओली असली की पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं." स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि आत अडकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पुण्यात उत्तम काळ.

जेवणाच्या टेबलाला टू-पॅक पीयू दिलं, म्हणजे ज्यात लावायच्या वेळी हार्डनर (घट्ट करणारं द्रव्य) मिसळतात ते. सागवान तेलकट असतं, म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं. आमटी, हळद, सांडलेलं पाणी, कशाचाही परिणाम नाही. तक्रार एकच: किल्लीचा ओरखडा पडला आणि तो तेवढ्यापुरता झाकता येत नाही. तो भाग नीट करायचा तर अख्खी फळी घासावी लागेल. शिवाय हार्डनर मिसळल्यावर थोड्या तासांत सगळं संपवावं लागतं, आणि त्याच्या वाफा घातक असतात. चांगला मास्क आणि उघड्या खिडक्या हव्याच. आणि साध्या, मेणयुक्त लाखेवर पीयू मारू नका, धरत नाही.

आरामखुर्चीला डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावलं. रंग अप्रतिम आला, खुर्चीच्या हातांवर ऊब आहे, स्पर्शाला इतकं छान दुसरं काही नाही. पण ऑगस्टमध्ये बैठकीच्या खालच्या बाजूला करडी बुरशी धरली. बुरशीला हे तेल आवडतं. पुसून, उन्हात ठेवून गेली, तरी पुढच्या हिवाळ्यात ती खुर्ची मी लाखेवर नेणार आहे. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवायची, मगच फेकायची.

लाख आणताना थोडीच आणा. एकदा स्पिरिटमध्ये मिसळली की साधारण सहा महिन्यांनी ती नीट सुकत नाही, चिकट राहते. बाटलीवर तारीख लिहा. शंका वाटली तर काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नख लावून बघा. नखाची खूण उमटली तर ती बाटली फर्निचरला लावू नका.