डोपिंगसाठी तांब्याच्या फॉइलवरचं ग्राफीन: घ्यावं का?

ग्राफीनचं (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराचं) रासायनिक डोपिंग, म्हणजे बाहेरचं रसायन लावून त्यातले विद्युतवाहक कमी-जास्त करणं, करून पाहायचं असेल, तर सिलिकॉनवर आधीच बसवलेल्या नमुन्यापेक्षा तांब्याच्या फॉइलवरचं एकथरी सीव्हीडी (तापवलेल्या वायूतून वाढवलेलं) ग्राफीन घ्या. ट्रान्सफर, म्हणजे ग्राफीन फॉइलवरून सिलिकॉनवर नेणं, आपल्या हातात राहतं, आणि निम्मी गडबड तिथंच होते.

पाकीट उघडताच फॉइल उजेडात तिरकं धरून पाहा. जिथं घडी पडलीय तिथं ग्राफीन चिरलेलं असतं; त्या भेगेवर डोपिंगचा काही इलाज नाही. शिवाय ग्राफीन दोन्ही बाजूंना वाढलेलं असतं. वर पीएमएमए (आधार देणारं प्लास्टिक) चढवल्यावर मागची बाजू ऑक्सिजन प्लाझ्माने साफ करा, नाहीतर तांबं विरघळताना मागचे तुकडे खालून चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गडद ठिपके दिसतात. तांबं काढायला ०.१ मोलर अमोनियम पर्सल्फेट वापरा. फेरिक क्लोराइडने लोहाचे अवशेष राहतात.

अ‍ॅसिटोनने धुतल्यावरही उरलेलं पीएमएमए आणि हवेतला ओलावा ग्राफीनला पी-टाइप करून ठेवतात, म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन कमी आणि होल (इलेक्ट्रॉनच्या धनभारित रिकाम्या जागा) जास्त होतात. सिलिकॉनवरच्या ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर डिरॅक बिंदू (ज्या गेट व्होल्टेजला ग्राफीनचा रोध सर्वांत जास्त असतो तो) +३० व्होल्टला आला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ लाख कोटी होल आधीच आहेत. हा आकडा नोंदवल्याशिवाय डोपंटची (डोपिंगच्या रसायनाची) बाटली उघडू नका.

नायट्रिक आम्लाची वाफ सर्वांत सोपी. दक्षिण कोरियातल्या संघाने २०१० मध्ये चार थर आणि हेच आम्ल वापरून शीट रोध (पातळ थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोध) ३० ओहम प्रति चौरसापर्यंत आणला होता. पण उघड्या हवेत परिणाम ओसरत जातो, त्यामुळे मोजणी लगेच उरका. फ्यूम हूडमध्येच (वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात) काम करा आणि अ‍ॅसिटोन तिथून हलवा. दोन्ही एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

नायट्रोमिथेनमधलं गोल्ड क्लोराइड जास्त टिकतं. सोन्याचे आयन ग्राफीनकडून इलेक्ट्रॉन घेतात, मात्र त्याच सोन्याचे कण पृष्ठभागावर साचतात. पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी चालेल, गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर नको. एन-टाइपसाठी, म्हणजे ग्राफीनला जास्तीचे इलेक्ट्रॉन देण्यासाठी, पॉलिइथिलीनइमाइन आहे, पण हवेतला ऑक्सिजन दिलेले इलेक्ट्रॉन परत ओढतो. मोजणी निर्वात किंवा नायट्रोजनमध्ये करा.

शेवटी रामन तपासणी (ग्राफीनवरून विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजणं) हवीच. आलेखातलं जी नावाचं शिखर १५८० प्रति सेंटिमीटरच्या वर सरकलं आणि टू-डी शिखर त्याच्या तुलनेत बुटकं झालं, तर डोपिंग लागलं. १३५० जवळ डी शिखर उभं राहिलं, तर कार्बन अणूंची जाळीच फाटलीय. जाळीतच नायट्रोजन बसवायचा असेल तर मात्र हे फॉइल घेऊ नका. त्यासाठी सहसा ग्राफीन वाढवतानाच अमोनिया सोडतात.