मॉरिशसचं ग्री ग्री: साऊथ टूर घेताय तर इथे वेळ जास्त मागून घ्या

जागेला ५ पैकी ५, आणि आम्हाला नीट दाखवून आणणाऱ्या लोकल टॅक्सीवाल्या भाऊंनाही ५ पैकी ५. पॅकेजमधल्या साऊथ टूरला मात्र २ च, का ते सांगतो.

आपल्याकडून मॉरिशसला जाणारे बहुतेक जण नॉर्थला ग्रँड बे साइडला राहतात, पांढरी वाळू, निळं शांत पाणी, बोटिंग, फोटो. ते छानच आहे, वाद नाही. पण ग्री ग्री हे वेगळंच प्रकरण आहे. बेटाच्या पार दक्षिणेला सुयाक गावाच्या कडेला काळ्या कड्यांमधे दडलेला छोटासा किनारा, वर गवताचं पठार, खाली उतरायला पायऱ्या, आणि समोरचा समुद्र बाकीच्या मॉरिशससारखा अजिबात नाही. बेटाभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, लाटा दूरच तिच्यावर फुटतात म्हणून किनाऱ्याला पाणी शांत असतं. इथे ती भिंतच तुटलेली आहे, त्यामुळे थेट अंटार्क्टिकाकडून येणारी लाट मधे कुठेही न अडता सरळ कड्यावर येऊन आपटते. आवाज अक्षरशः छातीत जाणवतो. पाण्याचे तुषार वरपर्यंत येतात, थोडा वेळ उभं राहिलं की चष्म्याच्या काचेवर मीठ दिसायला लागतं.

आता तक्रार. आमचं पॅकेज एका ट्रॅव्हल एजंटकडून घेतलेलं, त्यात साऊथ टूर होती. क्युरपीपचं ज्वालामुखीचं विवर बसमधून उतरून दोन फोटो काढेपर्यंत, मग लाकडी जहाजांच्या मॉडेलचं दुकान, मग अजून एक दुकान, तिथे मात्र निवांत तास-दीड तास, आणि ग्री ग्रीला पंधरा-वीस मिनिटं. गाईड घड्याळ दाखवतोय, तात्या म्हणजे माझे वडील अजून अर्ध्या पायऱ्यांवर. दुकान काय जळगावातही आहे हो, हा समुद्र कुठे मिळणार? म्हणून नंतर स्वतःची टॅक्सी करून परत गेलो आणि तेच पैसे सगळ्यात वसूल झाले.

तात्या आमचे अमळनेर तालुक्यातले, आयुष्यभर कपाशी केली. पाणी बघायचं सोडून ते कड्याजवळ गेले, दगडावर हात फिरवला आणि म्हणाले, "हाऊ ते आपलाच वावरना दगड शे." म्हणजे अहिराणीत, हा तर आपल्याच शेतातला दगड आहे. आणि बरोबर बोलले ते. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन सरकत सरकत एका हॉटस्पॉटवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला लाव्हा वर येत राहतो अशा जागेवरून, जात होती, तेव्हा जो लाव्हा बाहेर पडला त्यातून आपलं दख्खनचं पठार झालं, अजिंठ्याच्या लेण्या ज्यात कोरल्यात तो दगड आणि कपाशीची आपली काळी जमीन त्यातूनच आली. जमीन उत्तरेला निघून गेली, हॉटस्पॉट मागेच राहिला, मालदीव आणि मॉरिशस हे त्याच वाटेवरचे. मॉरिशस त्यातलं बरंच तरुण, ८०-९० लाख वर्षांचं. आज तो हॉटस्पॉट शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. मला हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, सांगायला पाहिजे होतं.

जवळून बघा तो दगड. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूची छिद्रं राहतात. ग्री ग्रीला ती छिद्रं मोकळी दिसली, हाताचं बोट जाईल एवढी काही, आत समुद्राचं पाणी साचलेलं आणि बारीक खेकडे. आपल्याकडच्या दगडात तीच छिद्रं पांढऱ्या, हिरवट स्फटिकांनी भरलेली असतात, जळगाव साइडच्या खाणींतले असे स्फटिक परदेशातल्या म्युझियममध्ये जातात. आपला दगड म्हातारा, त्याला भरायला वेळ मिळाला. तात्यांनी खिशात खडा टाकायचा प्रयत्न केला, मी टाकू दिला नाही, कस्टमला कोण उत्तर देणार.

किनाऱ्याने पुढे थोडं चाललं की ला रोश की प्लर म्हणून कडा आहे. लाट आपटून मागे गेली की कड्याच्या भेगांमधून पाण्याच्या धारा उतरत राहतात, पुढची लाट येईपर्यंत. बहुतेक ग्रुप इथपर्यंत येतच नाहीत, त्यामुळे आम्ही घरचेच होतो आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कठडा सगळीकडे नाही, लहान पोरं असतील तर हात सोडू नका.

टॅक्सीवाले भाऊ मराठी घराण्यातले निघाले, पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यात मजूर म्हणून आलेले. बोलतात क्रिओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली) आणि हिंदी, मराठी मोडकी, पण गणपतीची आरती पूर्ण पाठ. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे त्यांच्याकडूनच कळलं. वाटेत उसाच्या शेतांमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, घराएवढे. तात्यांनी विचारलं, "भाऊ, हे कोणी रचले?" ते म्हणाले, "आपल्याच लोकांनी, काका. शेत साफ करायला हाताने वेचले." १८३४ पासून मजुरांची जहाजं मॉरिशसला लागायला लागली, राजधानी पोर्ट लुईला ते मजूर उतरायचे तो घाट अजून जपलाय, वेळ असेल तर बघाच. त्यानंतर तात्या प्रत्येक ढिगाकडे वळून बघत होते.

खाण्याचं म्हणाल तर दालपुरी घ्या, आत डाळ भरलेली पातळ मऊ पोळी, गूळ न घातलेल्या पुरणपोळीसारखी, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. आई जी परदेशात काही खातच नाही तिने मागून घेतली. अननस तिखट-मीठ लावून मिळतो तोही मस्त.

बाकी कामाचं. तिकीट नाही. पोहायला अजिबात उतरू नका, तसे बोर्ड आहेत आणि पाणी खरंच ओढून नेतं, गुडघाभर पण नको. शेवाळ असतं, घट्ट पकडीचे बूट घाला, साध्या चपला नको. वारा जोरात असतो, टोपी उडते. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या न उतरता वरूनच बघितलं तरी चालतं, दिसायला काही कमी नाही. मे मध्ये भुसावळ-जळगाव ४५ ला पोचतं तेव्हा तिकडे थंडी सुरू होते, तेव्हाच जा, जानेवारी ते मार्च वादळांचा सीझन. टॅक्सीचा भाव बसायच्या आधी ठरवा, आणि एजंटला बुकिंगच्या वेळीच लिहून द्या की दुकानं नकोत, ग्री ग्रीला किमान दोन तास पाहिजेत.