नवऱ्याला मारणाराच नवरा म्हणून पसंत! 'सिंहवाला नाईट' वाचून झाल्यावर

आधीच कबूल करते, मला किंडलवरच्या त्या नाईटवाल्या (रात्र नव्हे, जुन्या युरोपातले चिलखत घालून घोड्यावरून लढणारे सरदार) रोमान्सचं व्यसन आहे. कव्हरवर शर्टाची बटणं हरवलेला माणूस, हातात तलवार, मागे किल्ला आणि धुकं. आत गोष्ट ठरलेली, राजाने हुकूम सोडला म्हणून हिरॉईनचं लग्न एका गूढ नाईटशी, त्याच्या गालावर व्रण, तो बोलत नाही, रात्रीचा कुठे जातो कुणाला माहीत नाही, आणि ऐंशी टक्के वाचून झालं की कळतं की बाबा आतून लोण्यासारखा मऊ आहे. अशी पन्नासेक तरी वाचून झालीत माझी, आता नावंसुद्धा एकमेकांत मिसळतात. शेवटी बहीण वैतागून म्हणाली, अगं इतकं तेच तेच वाचतेस तर एकदा ओरिजिनल वाच की.

तर ओरिजिनल म्हणजे क्रेतियँ द त्र्वा. बाराव्या शतकातला फ्रेंच कवी, आर्थर राजाच्या दरबारातल्या नाईटांच्या गोष्टी पद्यात लिहायचा, आणि त्यातली 'सिंहवाला नाईट' म्हणजे इव्हेनची गोष्ट साधारण ११८० च्या आसपासची. मी घेतलं ते विल्यम किबलरने केलेलं इंग्रजी भाषांतर, 'आर्थुरियन रोमान्सेस', १९९१ चं, एकाच पुस्तकात क्रेतियँच्या पाच गोष्टी (त्यातली एरेक आणि एनीदची कार्लटन कॅरोलने केलीय). पाचशेच्या आसपास पडलं. ज्या ऑनलाईन दुकानातून मागवलं त्यांनी एका पातळ पिशवीत कोंबून पाठवलं, कोपरा असा चेपलेला की उंदराने हात मारलाय असं वाटावं, पण परत पाठवायचा कंटाळा केला आणि त्याच रात्री वाचायला बसले ते बरंच झालं.

गोष्ट अशी. ब्रोसेलियांदच्या जंगलात एक झरा आहे, पाईनच्या झाडाला सोन्याचं भांडं टांगलेलं, शेजारी एक रत्नाचा दगड. भांड्याने पाणी घेऊन त्या दगडावर ओतलं की वादळ येतं, साधंसुधं नाही, झाडं मोडतात, गारा, विजा, आणि सगळं शांत झालं की त्या झाडावर पक्षी येऊन गायला लागतात. मग झऱ्याचा मालक घोड्यावरून संतापून येतो की माझ्या रानाची वाट का लावलीस. (वास नावाचा एक कवी क्रेतियँच्या आधी हे सगळं खरं आहे का बघायला त्या जंगलात जाऊन आला होता, काहीच दिसलं नाही, आणि त्याने लिहून ठेवलंय की गेलो तेव्हा मूर्ख होतो, आलो तेव्हाही मूर्खच. मला हा माणूस फार आवडला.) इव्हेन तिथे जातो, पाणी ओततो, मालकाशी लढतो आणि त्याला मरणाची जखम करतो. तो पळतो किल्ल्याकडे, इव्हेन मागे. दाराचं वरून पडणारं लोखंडी फाटक धाडकन खाली येतं आणि घोड्याचे बरोबर खोगिरामागे दोन तुकडे, इव्हेनच्या टाचांचे काटे पण कापले जातात, टाच मात्र शाबूत. एक इंच इकडेतिकडे झालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. आता पुढचं दार बंद, मागचं बंद, आणि घरात मालकाचं प्रेत.

इथे एन्ट्री होते ल्युनेतची आणि माझ्या मते पुस्तक हिच्यासाठी घ्यावं, इव्हेन गेला खड्ड्यात. ती मालकिणीची दासी म्हणा, सल्लागार म्हणा. ती इव्हेनला ओळखते, कारण कधीकाळी ती निरोप घेऊन आर्थरच्या दरबारात गेली होती तेव्हा एकाही नाईटने तिच्याशी शब्द बोलायची तसदी घेतली नव्हती, फक्त या एकाने नीट वागवलं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर ती त्याला अंगठी देते, खडा मुठीत फिरवला की माणूस दिसेनासा, लाकूड सालीखाली झाकलेलं असतं तसा. माणसं काठ्या घेऊन आंधळ्यासारखी चाचपत त्याला शोधतायत, प्रेताच्या जखमेतून पुन्हा रक्त वाहायला लागलंय म्हणजे खुनी इथेच आहे असं सगळ्यांना कळलंय, आणि हा पलंगावर बसून बघतोय. बघता बघता विधवेच्याच प्रेमात! ती केस उपटत रडतेय, आणि हा खिडकीच्या फटीतून बघत म्हणतोय काय सुंदर आहे. अरे बाबा, तिचा नवरा तूच मारलायस.

पण खरी मजा ल्युनेतच्या बोलणीत आहे. ज्यांनी घरात एखादी मध्यस्थी करणारी मावशी बघितलीय त्यांना हे सीन वाचताना घरचंच वाटेल. ती विधवेला, म्हणजे लोदीनला, आधी भावनेचं काही बोलतच नाही, व्यवहाराचं बोलते. राजा पुढच्या आठवड्यात झऱ्यावर येतोय, तुमच्या माणसांत एक तरी धड लढणारा आहे का, झरा कोण राखणार? लोदीन चिडते, पण तिला पटतंय हे दिसतं. मग ल्युनेत विचारते, दोन नाईट समोरासमोर लढले आणि एकाने दुसऱ्याला हरवलं तर त्यातला चांगला कोण? लोदीनला वास येतो की यात काहीतरी खोच आहे, तरी म्हणावं लागतं की जिंकलेला. झालं, मग तुमच्या नवऱ्याला हरवणारा त्याच्यापेक्षा चांगला. यावर लोदीन तिला हाकलून देते, तोंड दाखवू नकोस म्हणते, आणि रात्रभर एकटी बसून मनातल्या मनात त्या माणसाची उलटतपासणी घेते, तू माझ्या नवऱ्याला मारलंस का, हो, माझं वाईट करायचं म्हणून मारलंस का, नाही, त्याने तुला मारलं असतं ना, हो, मग सुटलास जा. सकाळी ल्युनेतला बोलावून पहिला प्रश्न काय तर मुलगा कोण, घराणं कुठलं. नाव कळल्यावर घाई इतकी की तो किती दिवसांत येईल, इतके दिवस का, लवकर नाही का येणार. आणि ल्युनेत साळसूदपणे म्हणते निरोप्या पाठवते, जेव्हा मुलगा शेजारच्या खोलीत लपलाय आणि ती त्याला रोज आंघोळ घालून तयार करतेय!

तयारीत एक बारकी गोष्ट आहे. त्याला लाल भारी कापडाचा झगा देतात, आत खारीच्या कातड्याचं फरचं अस्तर, आणि कवी मुद्दाम सांगतो की त्यावर अजून खडूची भुकटी होती. फर कमावताना खडू लावायचे, म्हणजे झगा कोरा करकरीत. माझं माहेर इचलकरंजीचं, वडील यंत्रमागावर होते, कोऱ्या कापडाची खळ बोटांना लागते ती मला लहानपणापासून माहितीय. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या कवीने नवरदेवाचे कपडे कोरे आहेत हे हात लावून तपासल्यासारखं सांगावं, मला तिथेच पुस्तक वसूल झालं.

मग बघण्याचा कार्यक्रम. किंडलवाला नाईट असता तर दारातच गुरगुरला असता. हा आत येतो आणि भीतीने दगड होऊन उभा, तोंडातून शब्द नाही. ल्युनेत त्याला हाताला धरून ओढते आणि सुनावते, बाईंच्या खोलीत जीभ नसलेला नाईट आणणारीचं वाटोळं होवो, जवळ या की, त्या काय चावणार आहेत का तुम्हाला? मी मोठ्याने हसले, नवरा दचकून उठला.

आणि त्यानंतर बैठक. लोदीन सगळ्या सरदारांना गोळा करते, कारभारी भाषण करतो की बाई ढाल धरू शकत नाही, भाला चालवू शकत नाही, साठ वर्षांहून जास्त चालत आलेली झऱ्याची रीत राखायला नवरा हवा, आणि सगळे तिच्या विनवण्या करतात की लग्न कराच. ती आढेवेढे घेत हो म्हणते. आणि कवी डोळा मारून सांगतो की त्यांनी विरोध केला असता तरी तिने हेच केलं असतं. त्याच दिवशी लग्न. पहिल्या नवऱ्याचं तेरावंसुद्धा झालं नसेल हो.

आता कुणी म्हणेल हे म्हणजे बाईला वस्तूसारखं वागवणं झालं. त्या काळात खरंच तसं होतं, इंग्लंडमध्ये मोठ्या जमिनीच्या वारस मुलीचं लग्न कुणाशी लावायचं हे राजा ठरवायचा. विल्यम मार्शल या प्रसिद्ध नाईटला ११८९ मध्ये इझाबेल द क्लेअर अशीच बक्षीस म्हणून मिळाली, तो चाळिशी ओलांडलेला, ती जेमतेम सतरा-अठराची. विधवेला तिच्या मनाविरुद्ध लग्न करायला लावायचं नाही हे कलम मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेत, आलं ते १२१५ मध्ये. हे डोक्यात ठेवून वाचलं की लोदीन किती हुशारीने खेळतेय ते दिसतं. सरदारांना वाटतं आम्ही ठरवलं, ल्युनेतला माहितीय मी ठरवलं, आणि लोदीनने रात्रीच ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या किंडलवाल्या पुस्तकांत लग्नानंतर सगळी गाडी बेडरूमकडे वळते. इथे लग्न तिसऱ्या हिश्शातच उरकतं आणि घोटाळा नंतर सुरू होतो. गॉवेन नावाचा मित्र येतो आणि कान भरतो की बायकोच्या मागे लागून पुरुष बिघडतो, चल टूर्नामेंटला. (असा एक मित्र प्रत्येकाच्या नवऱ्याला असतो.) लोदीन एक वर्षाची मुदत देते, सेंट जॉनच्या (जूनमधल्या) सणानंतरच्या आठवड्याची तारीख ठरवून देते, वर संरक्षणाची अंगठी देते. आणि हा विसरतो! ऑगस्टच्या मध्यावर आठवतं, तेवढ्यात तिची दूत भर दरबारात येऊन त्याला खोटारडा म्हणते आणि बोटातली अंगठी काढून नेते. तो वेडा होतो, कपडे फाडून जंगलात राहतो. तिथला एक संन्यासी घाबरून खिडकीत जवाची कडक भाकरी आणि पाणी ठेवतो, बदल्यात हा वेड्या अवस्थेतही शिकार आणून दारात टाकतो, मग संन्यासी कातडी विकून जरा बरी भाकरी आणतो. दोघांत एक शब्द नाही, पण घर चालू. पुस्तकातला सगळ्यात सुखी संसार हाच वाटला मला.

गूढ नाईट खऱ्या अर्थाने इथून पुढे. शुद्धीवर आल्यावर तो एका सिंहाला सापाच्या तावडीतून सोडवतो (शेपटीचा थोडासा तुकडा कापावा लागतो, बिचारा), सिंह कुत्र्यासारखा मागे फिरायला लागतो, आणि हा स्वतःचं नाव लपवून फक्त सिंहवाला नाईट म्हणून हिंडतो. असला नवरा गळ्यात बांधला म्हणून ल्युनेतला जाळणार असतात तेव्हा येऊन वाचवतो, बायको समोर उभी आहे आणि तिला कळत नाही हा कोण. हा सीन फार जपून लिहिलाय, तिला त्याची कीव येते, ती म्हणते तुमच्या बाई तुमच्यावर रागावल्या असतील तर त्यांचं चुकतंय, आणि तो गप्प.

मधले राक्षस, दोन बहिणींचं जमिनीचं भांडण वगैरे मी भराभर वाचलं, लांबड आहे. पण एक जागा सोडू नका. एका किल्ल्यात तीनशे मुली कोंडलेल्या, सोन्याच्या जरीचं आणि रेशमाचं काम करतायत, स्वतःच्या अंगावर चिंध्या. एकजण हिशोब सांगते, आम्ही प्रत्येकी आठवड्याला वीस सू किंवा जास्तीचं काम करतो, आणि पौंडामागे हातात पडतात चार दनिए. वीस सू म्हणजे एक पौंड, आणि पौंडात दनिए २४०. म्हणजे साठातला एक भाग. पिकावर (शेतातलं पीक नव्हे, मागावरचे आडवे धागे) मजुरी मोजणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, मी तिथे मोबाईलवर गणित करून बघितलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही. नाईटच्या गोष्टीत हे कशाला आलं असं वाटतं, पण नंतर आठवतं ते हेच.

भाषांतराबद्दल, मूळ यमकातलं पद्य आहे, हे सरळ गद्य, त्यामुळे वाचायला सोपं आणि गाण्याची लय गेलेली. टिपा शेवटी आहेत, दोन बुकमार्क ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो शेवटासाठी. ल्युनेत लोदीनकडून पवित्र अवशेषांवर हात ठेवून शपथ घेववते की मी सिंहवाल्या नाईटचा त्याच्या बाईशी समेट घडवून आणीन, आणि मग चेहरा दाखवते, तर तो हाच! लोदीन म्हणते यापेक्षा जन्मभर वादळं सोसली असती, पण शपथ मोडायची नाही म्हणून बरं. तो गुडघ्यावर, ती माफ करते, आणि कवी चार ओळीत सगळं आनंदीआनंद करून मोकळा. अहो, ती अजून चिडलेली आहे!

आईला फोनवर पूर्ण गोष्ट सांगितली. सिंह, राक्षस, वादळ, सगळं तिने निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते राहू दे, त्या ल्युनेतचं जमलं का कुठे? नाही जमलं. गॉवेन लग्नानंतर आला तेव्हा तिच्याशी गोड गोड बोलला होता, कवीने त्याला सूर्य आणि तिला चंद्रसुद्धा म्हणून टाकलं, मग तो टूर्नामेंटला निघून गेला आणि विषय तिथेच राहिला.