व्हाइटहॉर्समध्ये मुलांना घेऊन फिरणं: चारही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात आठवडाभर येऊन गेलेले लोक व्हाइटहॉर्सबद्दल भरभरून लिहितात, पण जानेवारीत बाहेर उणे तीस असताना पोरं सोफ्यावरून उड्या मारायला लागली की त्यांना कुठे न्यायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. नवऱ्याच्या जॉबमुळे आम्ही कॅनडातल्या युकॉनला आलो (व्हाइटहॉर्स ही त्याची राजधानी), मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. माझं मत आधीच सांगून टाकते, तासाभराच्या आतल्या चार-पाच जागा पकडा आणि त्याच परत परत करा, लांबच्या फेमस जागा वर्षातून एकदा पुरे.

आमची एक नंबर जागा म्हणजे युकॉन वाइल्डलाइफ प्रिझर्व्ह. शहरातून अर्धा तास, टखिनी हॉट स्प्रिंग्ज रोडवर. नेहमीचं प्राणिसंग्रहालय डोक्यात ठेवून जाऊ नका, साधारण ३५० एकरांचा पसारा आहे आणि मस्कऑक्स (लांब लोकरीचा, बैलासारखा), बायसन, मूस (अवाढव्य हरीण), कॅरिबू (रेनडिअर), लिंक्स (रानमांजर), आर्क्टिक फॉक्स (ध्रुवीय कोल्हा) असे इकडचेच प्राणी आहेत, तेही मोठमोठ्या कुंपणांत, त्यामुळे कधी मूस अगदी तारेजवळ येऊन पाला खात उभा असतो तर कधी लांब झाडीत नुसता पार्श्वभाग दिसतो. बसची टूर आहे, पण आम्ही चालतोच. पूर्ण चक्कर ५ किलोमीटरची, लहान मूल असेल तर उन्हाळ्यात ओढायची वॅगन आणि हिवाळ्यात स्लेड (बर्फावर ओढायची घसरगाडी) हवीच, नाहीतर तिसऱ्या किलोमीटरला पोर तुमच्या खांद्यावर. एकदा जाऊन आलेल्यांना जे कळत नाही ते सांगते, इथली मजा ऋतू बदलतो तशी बदलते. हिवाळ्यात पांढराशुभ्र असलेला आर्क्टिक फॉक्स उन्हाळ्यात तपकिरी होऊन असा काही दिसतो की मुलगी मानायलाच तयार नाही की हा तोच. मूसच्या नराची शिंगं थंडीत गळून पडतात आणि वसंतात मखमली कातडीखाली नवी यायला लागतात. मस्कऑक्सच्या आतल्या लोकरीचे झुपके मे-जूनमध्ये अंगावरून लोंबत असतात, जुनी गादी फाटल्यासारखे. वर्षाचा पास काढा, माझ्या मते इथे राहणाऱ्या कुटुंबासाठी एवढा वसूल होणारा दुसरा खर्च नाही.

गावातलं फुकटातलं सुख म्हणजे मिलेनियम ट्रेल, युकॉन नदीच्या दोन्ही काठांनी ५ किमी, डांबरी, सायकल आणि स्ट्रोलर दोन्ही चालतं. वाटेत एस एस क्लॉन्डाइक ही जुनी चाकाची आगबोट लागते, १९३७ ची, मुलाला तिच्या मागचं ते अवाढव्य चाक बघायला आवडतं. पुढे धरणापाशी फिश लॅडर, म्हणजे सॅमन माशांना धरण ओलांडता यावं म्हणून १९५९ मध्ये बांधलेला ३६६ मीटर लांबीचा लाकडी जिना. चिनूक सॅमन बेरिंग समुद्रापासून जवळजवळ ३००० किमी उलटे पोहत येतात, तेही वाटेत काही न खाता, आणि काचेतून ते दिसतात. दिसतात म्हणजे दिसू शकतात. युकॉन नदीतले चिनूक इतके कमी झालेत की २०२४ मध्ये कॅनडा आणि अलास्काने सात वर्षं त्यांची मासेमारीच बंद ठेवायचं ठरवलं. त्यामुळे ऑगस्टमध्ये जा आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की मासा दिसेलच असं नाही.

माइल्स कॅनियन दहा मिनिटांवर. झुलता पूल १९२२ चा, खाली बेसॉल्टच्या कड्यांमधून हिरवं पाणी. सह्याद्रीतला काळा दगड बघत मोठं झालेल्या माणसाला इथे उगीचच ओळखीचं वाटतं. कठडे सगळीकडे नाहीत, चार वर्षांच्या पोरीचा हात सोडायचा नाही.

आता हिवाळा. डिसेंबरात उजेड साडेपाच-सहा तास, शाळा सुटेपर्यंत दिवस मावळायला आलेला. अशा वेळी कॅनडा गेम्स सेंटर म्हणजे आमचं दुसरं घर, स्विमिंग पूल, आइस रिंक, धावायला जागा, सगळं एका छपराखाली. आणि विमानतळाजवळचं बेरिंजिया सेंटर, हिमयुगातल्या प्राण्यांचं म्युझियम. मॅमथचे सांगाडे आहेतच, पण मुलगा दर वेळी थेट लांडग्याच्या पिल्लापाशी जातो. २०१६ मध्ये युकॉनमधल्याच डॉसन गावाजवळ सोन्याच्या खाणीतल्या गोठलेल्या मातीत ते सापडलं, ५७ हजार वर्षांपूर्वीचं, आणि केस, नाक, कान सगळं शाबूत. दहा मिनिटं काचेला नाक लावून उभा असतो. थंडीत रोज उघडं नसतं, टायमिंग बघून निघा. शेजारीच खांबावर बसवलेलं खरंखुरं डीसी-३ विमान वाऱ्याच्या दिशेने फिरतं, ते गाडीत बसूनही बघता येतं (उणे तीसला ही फार मोठी सोय आहे).

एप्रिलमध्ये मार्श लेकला हंस येतात, शेकड्याने. तळ्याचा बाकी सगळा भाग गोठलेला असताना मक्लिंटॉक बेचं पाणी लवकर मोकळं होतं, म्हणून उत्तरेकडे जाताना ते तिथे थांबतात. आपल्याला बर्फाचा पुरता कंटाळा आलेला असतो नेमका तेव्हा.

दक्षिणेला कारक्रॉस, ७४ किमी. वाटेत एमराल्ड लेक, तळाशी चुन्याचा पांढरा गाळ आहे म्हणून तो रंग. फोटो भारी येतात, मुलं पाच मिनिटांत बोअर होतात. पण कारक्रॉसचं वाळवंट! जुन्या हिमनदीच्या तळ्याची ही वाळू, बेनेट लेकवरचा वारा अजून भर घालत असतो, आणि मागे बर्फाचे डोंगर. हिवाळ्याची प्लास्टिकची स्लेड जुलैत इकडे आणा, पोरं टेकडीवर चढून घसरत राहतात, आपण चटई टाकून चिवडा खात बसायचं. डास कमी, वाऱ्यामुळे.

क्लुआनी नॅशनल पार्कसाठी मात्र जीव मोठा करून निघा. पार्कच्या तोंडाशी असलेलं हेन्स जंक्शन गाव १५५ किमी, पुढे जायचंच असतं, म्हणजे दिवस गाडीतच. पाहुण्यांना माउंट लोगन, कॅनडाचं सर्वोच्च शिखर, बघायचं असतं आणि ते रस्त्यावरून दिसतच नाही, पुढच्या रांगांमागे लपलेलं आहे. आम्ही कॅथलीन लेकला डबा खाऊन परततो. मुलं मोठी असतील तर क्लुआनी लेकपर्यंत जा आणि स्लिम्स नदीचं कोरडं पात्र दाखवा, कास्कावुल्श हिमनदी मागे सरकली आणि २०१६ च्या मेमध्ये चार दिवसांत स्लिम्सचं पाणी दुसऱ्याच नदीत वळलं. भूगोलाचं पुस्तक उघडायची गरज नाही.

स्कॅगवेला जायचा प्लॅन असेल तर ते अलास्कात आहे, कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना) असला तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. गावाबाहेर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, पेट्रोल भरून निघा. जूनमध्ये रात्री अकरालाही उजेड असतो, मुलं झोपत नाहीत, जाड काळे पडदे घ्या. आणि बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) प्रत्येक ट्रेलवर जवळ हवा, बॅगेत तळाशी नाही, कमरेला. तो विमानात नेता येत नाही, त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा जाताना आमच्याकडे टाकून जातो आणि गॅरेजमध्ये ढीग झालाय. कोणी येत असेल तर विकत घेऊ नका, आमच्याकडून न्या, फक्त एक्सपायरी डेट बघून.