यूएनची गाईडेड टूर – आईला ती खोली बघायची होती

न्यूयॉर्कला आलात की टाइम्स स्क्वेअर वगैरे होतंच, पण यूएन हेडक्वार्टर्सची गाईडेड टूर चुकवू नका, माझे पाचपैकी पाच स्टार. तिकीट आधी ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा, आणि सिक्युरिटी चेकिंग विमानतळासारखं असतं म्हणून जरा लवकर पोचा. चालणं बरंच आहे, आईवडिलांना नेणार असाल तर चांगले बूट घालायला सांगा.

मी आईला घेऊन गेलो होतो. ती गोव्यातल्या पेडण्याची, १९६१ ला आठ वर्षांची होती, पोर्तुगिजांनी पूल उडवले तो आवाज तिला अजून आठवतो. तिला फक्त सुरक्षा परिषदेची खोली बघायची होती.

ही खोली नॉर्वेने सजवून दिलीय. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, मागे भिंतभर मोठं चित्र, राखेतून वर येणारा फिनिक्स. १५ सदस्य, त्यातले ५ कायमचे, बाकीचे १० दोन-दोन वर्षांसाठी निवडून येणारे. (बैठक चालू असेल तर आत सोडत नाहीत हे धरून चला.)

आईने गाईडला विचारलं, रशियाची खुर्ची कुठली? आणि त्या गाईड बाईने फार छान समजावलं. म्हणाली खुर्ची ठरलेली नसते, देश इंग्रजी अक्षरांप्रमाणे बसतात आणि अध्यक्षपद दर महिन्याला पुढे सरकतं तशी सगळ्यांची जागा पण सरकते. म्हणजे कायमची खुर्ची असं आपण म्हणतो पण कायमचा असतो तो व्हेटो, म्हणजे एकट्याच्या नकाराने ठराव पाडायचा हक्क.

आता आईने हे का विचारलं ते सांगतो. १८ डिसेंबर १९६१, आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं आणि इथे याच खोलीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी ठराव आणला की लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. तेव्हा सदस्य ११ होते, ठरावाला ७ मतं पडली, विरोधात फक्त ४, आणि पास व्हायला ७ पुरे होती. सोव्हिएत युनियनचा व्हेटो पडला नसता तर तो ठराव पासच झाला होता. महासत्ता म्हणजे काय हे मी पुस्तकात कितीदा वाचलं असेल, जीडीपी, रणगाडे, अणुबॉम्ब, पण त्या गॅलरीत बसून पहिल्यांदा नीट कळलं, बहुतेक जण हो म्हणत असताना ज्याच्या एकट्याच्या नाहीने काम थांबतं तो मोठा. आणि ते ‘नाही’ आपलं स्वतःचं नव्हतं, दुसऱ्याने आपल्यासाठी म्हटलं, १९७१ ला बांगलादेशच्या युद्धात पण तेच झालं. मला हे लागतं, खरंच लागतं. आठ वेळा निवडून गेलो आपण या टेबलावर, शेवटचं २०२१-२२ ला, आणि तरी पुढच्या वेळी परत मतं मागायला जायचं.

त्या पाच जणांना बॉम्ब आहे म्हणून कायमची जागा मिळाली असंही नाही बरं का, यूएनच्या स्थापनेच्या चार्टरवर सह्या झाल्या २६ जून १९४५ ला आणि पहिली अणुचाचणी झाली १६ जुलैला, जागा मिळाली ती युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूला होते म्हणून. आणि नुसत्या जागेवर निभावतं असंही नाही, १९५६ ला सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला केला तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनी व्हेटो वापरला, पण अमेरिकेने पौंडाची कोंडी केल्यावर ब्रिटनला माघार घ्यावीच लागली. व्हेटो होता, पण तिजोरी दुसऱ्याच्या हातात.

टूर संपली की खाली बेसमेंटमध्ये जा, तिथे यूएनची स्वतःची टपाल तिकिटं मिळतात, ती फक्त तिथूनच टाकलेल्या पत्राला चालतात. आईने पोस्टकार्ड घेतलं, मामाला लिहिलं, आणि पत्त्याच्या शेवटी पेडणे, गोवा, भारत, यातला भारत दोनदा गिरवला.