नऊ महिने, दोन फोन आणि एक डावा अंगठा

मी डावखुरी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिलंय त्यात डोळ्यांपेक्षा माझ्या डाव्या अंगठ्याचं मत जास्त आहे.

गेले नऊ महिने माझ्याकडे दोन फोन आहेत. स्वतःचा पिक्सेल, म्हणजे गूगलचा फोन, आणि कामासाठी मिळालेला ॲपलचा आयफोन. ठरवलं होतं की कामाचा फोन कामापुरताच वापरायचा. पण जो फोन हाताशी असतो त्याच्यावर माणूस सगळंच करतो. दोन महिन्यांत वाचन, नकाशे, मेसेज, बँक असं सगळं दोन्हीकडे व्हायला लागलं. सध्या आयफोनवर आयओएस २६ ही सिस्टिम आहे आणि पिक्सेलवर अँड्रॉइड १६, म्हणजे दोन्ही घरं नुकतीच रंगवून झाली आहेत. त्यामुळे तुलना करायला वेळ बरी आहे.

पहिल्या आठवड्यातलं माझं मत असं होतं की आता यांच्यात फरक उरलेला नाही. दोन्हीकडे तळाशी बारीक रेघ असते, ती वर सरकवली की होम स्क्रीन येते. दोन्हीकडे वरून खाली ओढलं की नोटिफिकेशन येतात. विजेट, म्हणजे होम स्क्रीनवरच माहिती दाखवणाऱ्या चौकटी आहेत, डार्क मोड आहे, आयकॉनना वॉलपेपरला साजेसा रंग देता येतो. एकमेकांच्या वहीत बघून लिहिल्यासारखं सगळं, आणि खरोखरच तसं झालेलं आहे.

२००८ मध्ये टी-मोबाइल जी१ हा पहिला अँड्रॉइड फोन आला, तेव्हाच त्यात वरची पट्टी पडद्यासारखी खाली ओढायची सोय होती. आयफोनवर त्या काळात मेसेज आला की स्क्रीनच्या मधोमध निळी चौकट टपकायची आणि तिचा निकाल लावल्याशिवाय हातातलं काम पुढे सरकायचं नाही. ओढायचा पडदा तिकडे २०११ मध्ये, आयओएस ५ मध्ये आला. होम स्क्रीनवरच्या विजेटसाठी आयफोनवाल्यांना २०२० पर्यंत थांबावं लागलं, आणि मधे रिकामी जागा सोडून आयकॉन हवा तिथे ठेवायची मुभा मिळाली ती थेट २०२४ मध्ये. उलट दिशेनेही उसनवारी झालीच. होम बटण काढून टाकून सगळा कारभार स्वाइपवर नेला तो २०१७ च्या आयफोन टेनने. अँड्रॉइड ९ ने पुढच्या वर्षी गोळीच्या आकाराचं एक बटण ठेवून अर्धीमुर्धी नक्कल केली आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने पूर्ण केली. गंमत म्हणजे चालू ॲप पत्त्यांसारखी मांडायची आणि नको असेल ते वर भिरकावायचं, ही कल्पना या दोघांच्या आधी २००९ मध्ये पाम या कंपनीच्या वेबओएस या फोनच्या सिस्टिममध्ये होती. तिथलं डिझाइन सांभाळणारे मटिआस दुआर्ते नंतर गूगलमध्ये गेले. पामचे फोन बाजारातून उठले, पत्ते मात्र आज दोन्ही खिशांत आहेत.

तर फरक नाही, हे मत तीन आठवडे टिकलं. मग लक्षात आलं की माझा अंगठा दिवसभरात एकाच ठिकाणी अडतोय. मागे जाताना.

वरवर क्षुल्लक वाटतं. पण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा आपण काय करतो? उघडतो, बघतो, मागे येतो. आणि मागे जायचं असेल तर ते कुणाला सांगायचं, याचं उत्तर या दोघांनी पहिल्या दिवशी वेगवेगळं दिलं आणि ते अजून तसंच आहे. अँड्रॉइडमध्ये मागे नेणं हे सिस्टिमचं काम. जी१ वर त्यासाठी खरंखुरं, दाबायचं बटण होतं. पुढे ते स्क्रीनवर आलं, २०१४ मध्ये त्याचा त्रिकोण झाला, आता कडेवरून आत ओढायचा स्वाइप आहे. रूप बदललं, अर्थ तोच राहिला: एक पाऊल मागे. कीबोर्ड उघडा असेल तर कीबोर्ड मिटतो, खालून एखादा तक्ता वर आला असेल तर तो जातो, नाहीतर आधीची स्क्रीन येते. काहीच उरलं नसेल तर होम. विचार करावा लागत नाही.

आयफोनच्या दर्शनी भागावर २००७ मध्ये एकच बटण होतं, होमचं. मागे जाणं ही ॲपची घरगुती बाब होती. ॲपने वर डाव्या कोपऱ्यात बाण द्यायचा आणि त्यावर आधीच्या स्क्रीनचं नाव लिहायचं. स्क्रीन साडेतीन इंचांची होती, अंगठा सगळीकडे पोचायचा, त्यामुळे ते चालूनही गेलं. मग फोन वाढत गेले, अंगठा आहे तेवढाच राहिला. २०१३ मध्ये आयओएस ७ ने डाव्या कडेवरून स्वाइप दिला. २०१९ मध्ये आयओएस १३ ने खालून वर येणारे तक्ते आणले, ते खाली ओढून बंद करायचे. काही ठिकाणी मात्र वरची फुली किंवा ‘झालं’ हेच बटण दाबावं लागतं, कारण मधे लिहिलेलं हरवू नये अशी ॲपवाल्याची इच्छा असते. म्हणजे मागे जायचे तीन रस्ते झाले, आणि कुठे कोणता हे स्क्रीन कशी आली यावर अवलंबून. बाजूने आली तर बाजूला ढकला, खालून आली तर खाली. यात तर्क आहे, आणि तो चांगला तर्क आहे. फक्त माझ्या अंगठ्याला तो कळायला चार महिने लागले. तोवर मी खालून आलेल्या तक्त्यावर डावीकडून स्वाइप करत बसायचे. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात, जसं काही जोर कमी पडला होता.

डावखुरेपणाचा इथे फायदा झाला, तोही नोंदवते. आयफोनची मागे जायची कड डावी. फोन डाव्या हातात असला की ती कड अंगठ्याच्या बुडाशीच येते. उजव्या हाताने वापरणाऱ्याला तिथवर पोचायला अख्खी स्क्रीन ओलांडावी लागते. कात्रीपासून वहीच्या स्पायरलपर्यंत सगळं जग उजव्यांसाठी बनलेलं असताना ही एक गोष्ट माझ्या बाजूने होती. आयओएस २६ ने तेही सुख काढून घेतलं, कारण आता बऱ्याच ॲपमध्ये स्क्रीनच्या मध्यावरून स्वाइप केलं तरी मागे जाता येतं. उजवे खूश. असोत.

अँड्रॉइडवर दोन्ही कडा चालतात. हे बरोबर वाटतं, जोवर दुसरी कड चुकून लागत नाही तोवर. पाचव्या महिन्यात मी एका ॲपमध्ये लांबलचक फॉर्म भरत होते. शेवटच्या रकान्यात ओळीच्या टोकाचा एक शब्द दुरुस्त करायचा म्हणून बोट उजव्या कडेला नेलं, ते किंचित आत घसरलं आणि फॉर्म गायब. ‘बाहेर पडायचं का?’ एवढं विचारायची तसदी त्या ॲपने घेतली नव्हती. वीस मिनिटांचं टायपिंग गेलं. त्या रात्री मी सेटिंग्जमध्ये शिरले आणि शोध लागला की पिक्सेलवर डाव्या आणि उजव्या कडेची संवेदनशीलता वेगवेगळी ठरवता येते. उजवी अगदी खाली आणली. तेव्हापासून असा अपघात झालेला नाही.

ही कडेची भांडणं जुनीच आहेत. २०१९ मध्ये हा स्वाइप आला तेव्हा कितीतरी ॲपमध्ये डाव्या कडेवरून ओढला की मेनू बाहेर यायचा, म्हणजे एकाच हालचालीला दोन मालक झाले. शेवटी ॲपला कडेचा थोडासाच भाग स्वतःसाठी राखून ठेवायची परवानगी मिळाली. त्यानंतरचं काम मला जास्त आवडलं. आता ज्या ॲपनी ती सोय केली आहे तिथे स्वाइप करताना अंगठा उचलला नाही, तर पुढची स्क्रीन जरा आक्रसते आणि मागे काय आहे ते डोकावतं. नको असेल तर अंगठा तसाच कडेकडे परत न्यायचा. ही सोय २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ च्या डेव्हलपर पर्यायांत, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सेटिंग्जमध्ये दडलेली होती, तिथून सगळ्यांपर्यंत पोचायला वर्षं गेली, आणि अजूनही एका ॲपमध्ये असते तर दुसऱ्यात नसते.

आयफोनच्या कीबोर्डचंही मूळ दुखणं हेच आहे. त्याला मिटवायची कळ नाही. आयपॅडच्या कीबोर्डला असते, फोनच्याला नाही. यादी खाली ओढून पाहायची, रिकाम्या जागी टिचकी मारून पाहायची, ॲपने काय योजलंय त्यावर अवलंबून. पिक्सेलवर ‘मागे’ म्हटलं की संपलं.

पोचण्याबद्दल थोडं. आयफोनवर वाय-फाय, उजेड वगैरेंचं कंट्रोल सेंटर उजव्या वरच्या कोपऱ्यातून उतरतं. माझ्या डाव्या अंगठ्यापासून स्क्रीनवरचा सगळ्यात लांबचा बिंदू तोच. त्यावर उपाय २०१४ च्या आयफोन ६ पासून आहे: आता तळाची रेघ खाली ओढली की अख्खी स्क्रीन अर्ध्यापर्यंत खाली येते. मी हे दिवसभर करते. बघणाऱ्याला वाटतं फोन बिघडलाय. पिक्सेलवर होम स्क्रीनवर कुठेही खाली ओढलं तरी पडदा येतो, ते सोपं. पण तिथेही २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने वाय-फाय आणि मोबाइल डेटा पडद्यातल्या एकाच मोठ्या टाइलमध्ये, म्हणजे चौकोनी बटणात घातले आणि एका टिचकीचं काम दोन टिचक्यांवर नेलं. आता निदान टाइल लहान-मोठ्या करता येतात. हाताला लागणाऱ्या गोष्टी खाली आणायचं शहाणपण सॅमसंगने २०१८ मध्ये आपल्या फोनचं वन यूआय हे नवं रूप जाहीर करताना दाखवलं होतं, वरचा अर्धा भाग बघायला आणि खालचा बोटाला. आयफोनच्या सफारी ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी २०२१ मध्ये खाली आली तेव्हा केवढी आरडाओरड झाली होती! आता आयओएस २६ मध्ये शोधायच्या चौकटीही खाली आल्यात आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

दिसण्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात, मला त्यात कमी रस आहे. तरी एक सांगण्यासारखं आहे. आयओएस ६ पर्यंत सगळं खोट्या चामड्याचं, पिवळ्या कागदाचं आणि हिरव्या बनातीचं होतं. २०१३ मध्ये ॲपलचं डिझाइन सांभाळणाऱ्या जॉनी आइव्ह यांच्या देखरेखीखाली आयओएस ७ ने ते सगळं एका रात्रीत सपाट केलं. अक्षरं इतकी बारीक झाली की वाचता येईनात, आणि स्क्रीन झूम होण्याने लोकांना अक्षरशः मळमळू लागलं. थोड्याच आठवड्यांत ७.०.३ मध्ये त्या हालचाली बऱ्याच कमी करायची सोय द्यावी लागली. बारा वर्षांनी तोच खेळ: २०२५ मध्ये लिक्विड ग्लास हे काचेसारखं रूप आलं, काचेतून मागचं दिसतं म्हणून पुढचं वाचता येत नाही अशी ओरड झाली, आणि २६.१ मध्ये काच पारदर्शक हवी की जरा गडद असा पर्याय आला. मी गडद ठेवली आहे. डोळ्यांना सवय झाल्यावर आता काच दिसतही नाही.

गूगलचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. २०११ चं होलो नावाचं काळं-निळं रूप, मग २०१४ चं मटेरियल डिझाइन, ज्यात प्रत्येक गोष्ट कागदासारखी एकावर एक ठेवलेली आणि खाली सावली. २०२१ पासून वॉलपेपरमधून रंग उचलणं. आताच्या नव्या रूपात स्प्रिंगसारखी हालचाल आली आहे. एक नोटिफिकेशन बाजूला सरकवलं की शेजारची दोन किंचित त्याच्याबरोबर ओढली जातात, मग तुटल्याचा हलका झटका हाताला लागतो आणि ती जागेवर परततात. हे मी रिकामपणी उगाच करत बसते.

नोटिफिकेशनच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे, पिक्सेल पुढे आहे. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे प्रकार सिस्टिममधूनच वेगवेगळे बंद करता येतात. ‘तुमचं पार्सल निघालं’ चालू, ‘आज मोठी सूट’ बंद. आयफोनवर अशी निवड ॲपने स्वतःच्या पोटात दिली असेल तरच मिळते. उलट, नोटिफिकेशन पाठवू का असं आधी विचारायची सभ्यता आयफोनकडे सुरुवातीपासून होती, अँड्रॉइडने ती २०२२ मध्ये शिकून घेतली.

सेटिंग्जची रचना दोन्हीकडे गोंधळाची आहे, शोधायची चौकट वापरा आणि मोकळे व्हा.

पुढच्या महिन्यात कामाचा फोन परत करायचाय. माझा स्वतःचा फोन पिक्सेलच राहील, कारण वर लिहिलंच: मागे जाणं. पण एक गोष्ट लिहून ठेवते. आयओएस २६ मध्ये कोपऱ्यातल्या बाणाशेजारचं आधीच्या स्क्रीनचं नाव बहुतेक ठिकाणी गेलंय, काचेच्या गोलात नुसता बाण उरलाय. सातव्या महिन्यात सेटिंग्जमध्ये पाच-सहा पायऱ्या आत गेले असताना त्या बाणावर माझा अंगठा जरा जास्त वेळ टेकून राहिला. आणि मी चालून आलेल्या सगळ्या स्क्रीनची नावं एकाखाली एक उघडली. हवी ती निवडली की थेट तिथे. ही सोय २०२० पासून आहे म्हणे. तेव्हापासून पिक्सेलवरही मी प्रत्येक बाणावर बोट दाबून धरते. काहीच होत नाही.